बाळसे आणि सूज : कमी वजनाच्या अर्भकांच्या नत्रपोषणविषयक विचाराचा इतिहास

अर्भकाच्या निकोप वाढीसाठी मराठीत 'बाळसे' असा एक स्वतंत्र शब्द आहे, आणि त्याच्या शेजारीच, त्याचा प्रतिस्पर्धी म्हणून, 'सूज' हा शब्द उभा असतो. वाढलेले वजन म्हणजे बाळसेच असे नव्हे, हा भेद आपल्या भाषेत इतका मुरलेला आहे की तो आपण व्यापाराला, संस्थांना आणि साहित्यालाही लावतो. विसाव्या शतकाच्या मध्यास युरोप-अमेरिकेतील बालवैद्यकाला हाच भेद प्रयोगशाळेत, नत्राच्या मोजमापाने, नव्याने सिद्ध करावा लागला. अपुऱ्या दिवसांच्या व कमी वजनाच्या मुलांना किती प्रथिने द्यावीत, या साध्या दिसणाऱ्या प्रश्नावर सुमारे तीन दशके मतभेद राहिले. आणि त्या काळात जे मत प्रबळ होते त्यानुसार हजारो नवजात मुलांच्या बाटल्या भरल्या गेल्या. प्रस्तुत लेखात या वादाचा इतिहास सांगावयाचा आहे. तो सांगताना पारिभाषिक शब्दांकडे काहीसे अधिक लक्ष दिले आहे. लेखकाचा मूळ व्यासंग भाषेचा, हे त्याचे एक कारण. परंतु या इतिहासात शब्दांनी केलेली दिशाभूल खरोखरच मोठी आहे, हे त्याहून महत्त्वाचे कारण होय.

प्रारंभ 'नत्र' या शब्दापासूनच करू. डॅनिएल रदरफर्ड याने १७७२ मध्ये हा वायू वेगळा ओळखला. लाव्हाझिए व त्याचे सहकारी यांनी १७८७ मध्ये रसायनशास्त्राची नवी परिभाषा रचली, तेव्हा त्याला 'अझोट' म्हणजे 'निर्जीव, प्राणरहित' असे नाव दिले, कारण त्यात प्राणी जगत नाही. जर्मनांनी त्याला 'गुदमरवणारे द्रव्य' या अर्थाचे नाव दिले. शाप्ताल याने १७९० मध्ये सुचविलेले 'नायट्रोजन' हे नाव पुढे अन्यत्र रूढ झाले, आणि आपला 'नत्र' त्याच्याच ध्वनीवर बेतलेला दिसतो. ज्याला 'प्राणरहित' म्हटले त्याच्यावाचून प्राण टिकत नाही, हे अवघ्या तीस वर्षांत उघडकीस आले. पॅरिसच्या माझांदीने १८१६ मध्ये कुत्र्यांना केवळ साखर, तेल, डिंक अशा नत्रहीन पदार्थांवर ठेवले. ती कुत्री झिजून मेली. पुढे १८३८ मध्ये डच रसायनज्ञ मुल्डर याने बर्झेलिअसच्या सूचनेवरून 'प्रोटीन' हा शब्द प्रचारात आणला. 'अग्रस्थानी असलेले' हा त्याच्या ग्रीक मुळाचा अर्थ, आणि ध्वनी व अर्थ दोन्ही सांभाळणारा 'प्रथिन' हा मराठी शब्द त्या दृष्टीने चांगलाच साधला आहे. मात्र या नावातच एक मूल्यनिर्णय दडलेला आहे. जे प्रथम ते अधिक असावे, ही भावना पुढील शंभर वर्षे पोषणशास्त्राचा पाठलाग करीत राहिली.

नत्राचा जमाखर्च मांडण्याची कल्पना फ्रेंच शास्त्रज्ञ बुसँगो याची. त्याने १८३९ मध्ये दुभत्या गाईच्या चाऱ्यातील नत्र एका बाजूस आणि शेण, मूत्र व दूध यांतील नत्र दुसऱ्या बाजूस मांडून हिशेब जुळविण्याचा प्रयत्न केला. अर्भकाच्या बाबतीत हाच हिशेब दोन पायऱ्यांनी होतो. दुधातून गेलेल्या नत्रातून मलावाटे पडलेले वजा केले की उरते ते 'शोषलेले' नत्र. त्यातून मूत्रावाटे गेलेले वजा केले की उरते ते 'धारण केलेले' नत्र, म्हणजे ज्याचे अंग झाले ते. शोषण आणि धारण हे दोन भिन्न व्यवहार होत, आणि त्यांची गल्लत करणे हा या विषयातील नेहमीचा दोष आहे. अपुऱ्या दिवसांच्या मुलाचे आतडे आपण समजतो तितके दुबळे नसते. दुधातील नत्रापैकी साधारणपणे ८० ते ९० टक्के ते शोषून घेते. अडचण पुढे, यकृतात आणि मूत्रपिंडात, येते.

या हिशेबाला नेमके साधन मिळाले ते १८८३ मध्ये. कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग मद्यनिर्मिती संस्थेच्या प्रयोगशाळेत केल्डाल याने, धान्यातील प्रथिने मोजण्याच्या गरजेतून, नत्र मोजण्याची सोपी रीत बसविली. प्रथिनांत सरासरी १६ टक्के नत्र असते असे धरून मिळालेल्या आकड्याला ६.२५ ने गुणावयाचे, की प्रथिनांचे प्रमाण हाती येते. ही रीत फार उपयुक्त ठरली. परंतु आईच्या दुधाला ती लावली असता फसवते. त्या दुधातील सुमारे एक-चतुर्थांश नत्र प्रथिनांत नसतेच. ते युरिया, सुटी अमायनो आम्ले आणि इतर लहान रेणू यांत असते. गाईच्या दुधात असे नत्र फारच थोडे. म्हणून ६.२५ च्या गुणकाराने आईच्या दुधातील प्रथिनांचा आकडा फुगतो. पूर्ण दिवसांच्या मुलाच्या आईच्या, स्थिरावलेल्या दुधात खरी प्रथिने शंभर मिलिलिटरमागे एक ग्रॅमच्या आसपासच असतात, गाईच्या दुधात तीन ग्रॅमहून अधिक. मराठीतील 'अंगावरचे दूध' आणि 'वरचे दूध' या जोडीतील अंतर अशा रीतीने तिपटीचे आहे. क्षारांच्या बाबतीतही ते तिपटीच्याच घरात जाते, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

वरचे दूध अर्भकाला का मानवत नाही, याची कारणमीमांसा फिलिप बीडेर्ट याने १८६९ मध्ये गीसन येथील आपल्या प्रबंधात केली होती. दोन दुधांतील केसीन भिन्न गुणांचे आहे आणि न पचलेले केसीन अपाय करते, असे त्याचे म्हणणे. 'न पचलेले' हा त्याचा निदानभाग पुढे टिकला नाही. परंतु प्रथिनांचे केवळ प्रमाण नव्हे तर जातही पाहिली पाहिजे, हा त्याचा विचार शंभर वर्षांनी दुसऱ्या वाटेने परत आला.

दरम्यान पॅरिसमध्ये कमी वजनाची मुले जगविण्याचे काम सुरू झाले होते. तार्निये याने १८८० च्या सुमारास प्रसूतिगृहात उबेची पेटी आणली. कोंबडीची पिले उबविण्याचे यंत्र पाहून त्याला ती सुचली, आणि तिचे फ्रेंच नाव 'कुव्हझ' याचा अर्थही अंड्यांवर बसलेली, आपल्याकडे जिला खुडूक म्हणतात ती कोंबडी, असाच आहे. आपल्या लोकांनी 'काचेची पेटी' म्हणून केवळ आकार टिपला. फ्रेंचांनी माया टिपली, असे म्हणता येईल. असो. ज्या मुलांना चोखता येत नाही त्यांना नळीवाटे दूध देण्याची रीतही तार्नियेचीच. त्याचा शिष्य पिएर ब्युदँ याने १९०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या व्याख्यानांत या दुबळ्या मुलांचे ऊब, आहार आणि संसर्ग असे तीन प्रश्न मांडले, आणि आहाराचे उत्तर म्हणून स्त्रीच्या दुधाचा आग्रह धरला. त्याची मोजणी काट्यावरची होती, नत्राची नव्हती. पण आईला मुलापासून दूर केले तर तिचा जीव मुलावरून उडतो, हे त्याचे निरीक्षण पुढील पन्नास वर्षांतील कित्येक रुग्णालयांनी विसरून जावे, हे आश्चर्यच म्हटले पाहिजे.

बर्लिन येथे काम करणाऱ्या आर्वो युल्प्यो या फिनिश वैद्याने १९१९ मध्ये २५०० ग्रॅम ही रेषा आखली. तिच्या खालचे मूल अपुऱ्या दिवसांचे समजावे, असा हा संकेत. १९४८ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने तो स्वीकारला. गर्भाचे दिवस मोजणे कठीण, वजन सोपे, म्हणून दिवसांच्या शब्दाला वजनाची व्याख्या दिली गेली. याचे परिणाम आपल्यासारख्या देशांत विशेष दिसले. येथे नऊ महिने पूर्ण भरूनही अडीच किलोच्या आत जन्मणारी मुले पुष्कळ, आणि ती सातमाशी मुलांच्या पंक्तीत जाऊन बसली. १९९० नंतरच्या दशकात पुण्याजवळील सहा खेड्यांत झालेल्या अभ्यासात पूर्ण दिवसांच्या मुलांचे सरासरी वजन २.७ किलो आढळले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथे ते ३.५ किलो होते. 'अपुऱ्या दिवसांचे' आणि 'कमी वजनाचे' हे दोन शब्द वेगळे केले पाहिजेत, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने १९६१ मध्ये मान्य केले. पुढे १९७६ मध्ये '२५०० किंवा कमी' याऐवजी '२५०० पेक्षा कमी' अशी दुरुस्ती झाली. एका ग्रॅमची ही दुरुस्ती हास्यास्पद वाटेल. पण काट्यावर पूर्ण शंभरांत आकडे लिहिण्याची सवय सर्वत्र असल्यामुळे त्या एका ग्रॅमने बरीच मुले रेषेच्या पलीकडे गेली असली पाहिजेत.

आता मुख्य वादाकडे वळू. न्यूयॉर्क येथे लेव्हाइन, गॉर्डन व त्यांचे सहकारी १९३० नंतरच्या दशकात अपुऱ्या दिवसांच्या मुलांच्या चयापचयाचा अभ्यास करीत होते. १९३९ मध्ये त्यांनी दाखवून दिले की गाईच्या दुधाच्या प्रथिनबहुल आहारावरील अशा मुलांच्या मूत्रात टायरोसीन या अमायनो आम्लाचे अर्धवट विघटन झालेले अवशेष सापडतात, आणि क जीवनसत्त्व दिले की ते नाहीसे होतात. म्हणजे नत्र शोषले जात होते, पण यकृताला त्याची वासलात लावता येत नव्हती. हा इशारा स्पष्ट होता. परंतु याच मंडळींनी १९४७ मध्ये दुसरा, अधिक गाजलेला निबंध प्रसिद्ध केला. त्यात स्त्रीच्या दुधावरील आणि अंशतः साय काढलेल्या गाईच्या दुधाच्या मिश्रणावरील मुलांची तुलना होती. गाईच्या दुधावरील मुलांचे वजन अधिक वेगाने वाढले. त्यांचे नत्रधारणही अधिक भरले.

या निबंधाचा परिणाम दूरवर झाला. स्त्रीचे दूध पूर्ण दिवसांच्या मुलाला पुरेसे, पण जो जीव गर्भातल्या वेगाने वाढावयास हवा त्याला अपुरे, असा निष्कर्ष त्यातून काढण्यात आला. तर्क म्हणून तो मुळीच टाकाऊ नव्हता. गर्भ शेवटच्या तीन महिन्यांत दर किलोमागे रोज सुमारे दोन ग्रॅम प्रथिने अंगी लावतो, हे गर्भांच्या रासायनिक पृथक्करणावरून पुढे निश्चित झाले. इंग्लंडमध्ये विडोसन आणि स्प्रे यांनी १९५१ मध्ये असे पृथक्करण प्रसिद्ध केले, आणि १९७६ मध्ये आयोवा येथील झीगलर, फोमन प्रभृतींनी त्या प्रकारच्या सामग्रीवरून 'प्रमाण गर्भा'चे कोष्टक तयार केले. ठरावीक प्रमाणात दिलेल्या स्थिरावलेल्या स्त्रीदुधातून एवढे नत्र कसेबसेही मिळत नाही. चूक प्रश्नात नव्हती. ती 'अधिक वजन म्हणजे अधिक वाढ' या समीकरणात होती.

येथेच क्षारांचा मुद्दा येतो. गाईच्या दुधात सोडिअम, पोटॅशिअम, क्लोराइड वगैरे तिपटीने. अपक्व मूत्रपिंडाला ते बाहेर टाकावयाचे तर पाणी लागते, आणि टाकता आले नाही तर ते अंगात पाणी धरून ठेवतात. केगन, हेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये निरनिराळ्या दुधांची तुलना करून वाढीव वजनातील काही भाग पाण्याचा आहे याकडे लक्ष वेधले. बॅबसन आणि ब्रॅमहॉल यांनी १९६९ मध्ये प्रथिने व क्षार स्वतंत्रपणे कमी-अधिक करून पाहिले, तेव्हा वजन आणि लांबी यांची वाढ एका पायावर चालत नाही हे दिसले. मुलाची लांबी फसवत नाही, वजन फसवते. बाळसे कोणते आणि सूज कोणती, हा प्रश्न आता प्रयोगाच्या भाषेत मांडला गेला.

नत्रधारणाच्या आकड्यांचे काय, असा प्रश्न वाचकाच्या मनात येईल. ते तर पाणी नव्हे. याला उत्तर जमाखर्चाच्या पद्धतीतच आहे. बाटलीतून सांडलेले, ओकलेले दूध 'जमे'च्या बाजूस राहते. लंगोटात मुरलेले, भांड्यात न आलेले मूत्र 'खर्चा'तून निसटते. दोन्ही चुका एकाच दिशेच्या आहेत. त्यांमुळे धारण नेहमी असते त्याहून अधिकच भासते, आणि जितके अधिक नत्र द्यावे तितकी ही चूकही वाढते. हिशेबनिसाच्या सर्व चुका मालकाच्याच फायद्याच्या निघू लागल्या, तर वही तपासावी लागते.

केंब्रिज येथे मॅकन्स आणि विडोसन यांनी याच सुमारास प्रश्नाला वेगळे वळण दिले. त्यांनी १९५६ मध्ये डुकराच्या नवजात पिलांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. आईचे दूध पिणारी पिले भरपूर नत्र घेत असूनही त्यांच्या रक्तात युरिया साचला नाही; नुसत्या पाण्यावर ठेवलेल्या पिलांच्या रक्तात मात्र तो चढला. कारण पहिली वाढत होती आणि आलेले नत्र अंगात बांधले जात होते. वाढ हीच जणू आणखी एक मूत्रपिंड होय, असा विचार यातून पुढे आला. तो सुंदर आहे, आणि त्याची दुसरी बाजू भीषण आहे. ज्या क्षणी वाढ खुंटते, ताप येतो, संसर्ग होतो, त्या क्षणी तोच नत्रबहुल आहार मूत्रपिंडावर ओझे होऊन कोसळतो. आजारी मुलाला हा धोका सर्वांत अधिक, आणि 'सशक्त' दूध देण्याचा मोहही त्याच मुलाच्या बाबतीत सर्वांत अधिक.

१९६७ मध्ये डेव्हिडसन, लेव्हाइन प्रभृतींनी दर किलोमागे दोन, चार आणि सहा ग्रॅम अशा प्रथिनांच्या पायऱ्या तपासल्या. दोन ग्रॅमवर वाढ मंद. चारांच्या पुढे गेल्याने लाभ नाही, रक्तातील युरिया मात्र चढतो. आपल्याच परंपरेच्या निष्कर्षाला मर्यादा घालणारे हे काम लेव्हाइनच्या सहभागाने व्हावे, ही त्या परंपरेच्या प्रामाणिकपणाची साक्ष आहे. यानंतर गोल्डमन व सहकारी यांचे निबंध आले. त्यांनी मुलांच्या दोन गटांना दोन टक्के व चार टक्के प्रथिनांचे दूध दिले होते. दुसऱ्या गटाला दर किलोमागे सहा ते सात ग्रॅम प्रथिने मिळत होती. या गटात ताप, सुस्ती, दूध नीट न पिणे हे प्रकार अधिक आढळले, असे १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले. मुले मोठी झाल्यावर त्यांची पुन्हा तपासणी झाली, आणि १९७१ व १९७४ च्या वृत्तांतांत दिसून आले की जन्मतः १३०० ग्रॅमच्या आतील ज्या मुलांना प्रथिनबहुल दूध मिळाले होते, त्यांच्यात तिरळेपणा आणि कमी बुद्ध्यंक यांचे प्रमाण अधिक होते. काट्यावर जे यश दिसले त्याची किंमत काही वर्षांनी, शाळेच्या वयात, चुकवावी लागली. ज्यांना ती चुकवावी लागली त्यांना कोणी विचारले नव्हते.

प्रथिनांची 'जात' हा बीडेर्टचा प्रश्न हेलसिंकी येथे पुन्हा उभा राहिला. गर्भाच्या यकृतात सिस्टीन हे अमायनो आम्ल तयार करणारे विकर जवळजवळ नसते, हे स्टर्मन, गॉल आणि राइहा यांनी १९७० मध्ये दाखविले होते. प्रौढाला जे अन्नातून आवश्यक नाही ते या मुलांना आवश्यक ठरते. 'आवश्यक अमायनो आम्ल' ही संज्ञाच वयसापेक्ष आहे. गाईच्या केसीनमध्ये सिस्टीन कमी, निवळीतील प्रथिनांत अधिक. मग राइहा, हाइनोनेन, रॅसिन आणि गॉल यांनी २१०० ग्रॅम वा त्याहून कमी वजनाच्या १०६ मुलांचे पाच गट पाडले. एकाला गोळा केलेले स्त्रीदूध. उरलेल्या चारांना दीड किंवा तीन टक्के प्रथिनांचे, निवळीप्रधान किंवा केसीनप्रधान दूध. १९७६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाचही गटांत वाढीच्या वेगात लक्षणीय फरक नव्हता. परंतु रक्तातील युरिया प्रथिनांच्या प्रमाणानुसार चढत होता, आणि रक्ताची आम्लता वाढण्याचा विकार केसीनप्रधान दुधावर अधिक वेळा, अधिक तीव्र आणि अधिक काळ टिकणारा होता. सुमारे तीस वर्षांचा वाद एका प्रयोगाने मिटत नसतो, तरी या प्रयोगाने त्याचा तोल निश्चित बदलला. स्त्रीदुधाच्या त्या गटाला मात्र दूध सढळ हाताने, रोज किलोमागे १७० मिलिलिटर, दिले होते. हा तपशील नंतरच्या कित्येक उद्धरणांत गळालेला आढळतो.

स्त्रीदूध पुरेसे की अपुरे, हा प्रश्न विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांनी 'कोणाचे दूध' हे विचारलेच नव्हते. टोरोंटो येथील अ‍ॅटकिन्सन, ब्रायन आणि अँडरसन यांनी १९७८ मध्ये दाखविले की अपुऱ्या दिवसांत बाळंत झालेल्या आईच्या दुधात पहिल्या आठवड्यांत नत्राचे प्रमाण पूर्ण दिवसांच्या आईपेक्षा अधिक असते. प्रयोगांत वापरलेले दूध बहुधा दुसऱ्या आयांनी, बाळंतपणानंतर बऱ्याच दिवसांनी दिलेले असे. आणि दिवस जातात तसे दुधातील नत्र उतरत जाते. या शोधाचा मुंबईशी सरळ संबंध आहे. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये भारतातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. अशा पेढीतील दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून निर्धोक केले जाते. ते जीव वाचविते, यात शंका नाही. पण अपुऱ्या दिवसांच्या मुलाला त्याच्या स्वतःच्या आईचे दूध आणि पेढीचे दूध यांत नत्राच्या दृष्टीने अंतर आहे, आणि 'आईचे दूध' हा एकच शब्द दोहोंना लावल्याने ते झाकले जाते.

प्रथिने कमी देण्याचाही धोका आहे, हे लोलकाच्या दुसऱ्या टोकाला इंग्लंडमध्ये अ‍ॅलन ल्यूकस यांनी दाखविले. १९८२ ते १९८५ या काळात प्रयोगात घेतलेल्या मुलांपैकी काहींना पूर्ण दिवसांच्या मुलांसाठी बनविलेले, काहींना प्रथिने व उष्मांक वाढविलेले दूध मिळाले. साडेसात-आठ वर्षांच्या वयात, १९९८ च्या वृत्तांतानुसार, केवळ साध्या दुधावर राहिलेल्या मुलग्यांचा भाषिक बुद्ध्यंक सुमारे १२ गुणांनी कमी भरला. भाषेच्या अभ्यासकाला या आकड्यापाशी क्षणभर थांबावे लागते. जन्मानंतरच्या काही आठवड्यांतील नत्र व उष्मांक आणि आठव्या वर्षीचे शब्दज्ञान यांचा असा दुवा असेल, ही गोष्ट आपल्या शास्त्राच्या ग्रंथांत कोठेही लिहिलेली नाही.

जमाखर्चाच्या वहीतून जे दिसत नाही ते पाहण्यासाठी नत्राचा जड समस्थानिक वापरण्यात आला. शोनहायमर याने १९३० नंतरच्या दशकात ही रीत घालून दिली होती. १९७० पासून ती या मुलांच्या बाबतीत वापरली गेली. तिने दाखविले की रोज नव्याने बांधली जाणारी प्रथिने ही अंगी राहणाऱ्या प्रथिनांच्या कित्येक पट असतात. बांधणे आणि मोडणे अखंड चालू असते. दात्या स्त्रियांच्या दुधावरील मुलांना खुणेचे नत्र ग्लायसीनमधून दिले असता ते मूत्रातील युरियात फारसे उतरत नाही, असे जॅक्सन प्रभृतींना १९८१ मध्ये आढळले. इतके साधे अमायनो आम्लही या मुलांना तुटपुंजे पडत असावे, असा अर्थ त्यांनी लावला. उलट बाजूस, स्त्रीदुधातील काही रोगप्रतिबंधक प्रथिने न पचताच मलावाटे बाहेर पडतात. जुन्या हिशेबात तो 'न शोषलेला' भाग म्हणून तोट्याच्या रकान्यात जाई; वस्तुतः त्यांचे काम आतड्यातच असते, आणि ते करूनच ती बाहेर पडतात.

२०२२ च्या युरोपीय शिफारशीनुसार फार लहान मुलांना दर किलोमागे रोज साडेतीन ते चार, प्रसंगी साडेचार ग्रॅम प्रथिने द्यावीत असे ठरले आहे. म्हणजे १९६७ च्या पायऱ्यांपैकी मधल्या पायरीच्या जवळपास. त्याच वर्षी न्यूझीलंड व ऑस्ट्रेलियातील एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १००० ग्रॅमच्या आतील ४३४ मुलांपैकी अर्ध्यांना पहिले पाच दिवस शिरेवाटे रोज एक ग्रॅम अमायनो आम्ले अधिक दिली होती. दोन वर्षांच्या वयात, मज्जाविकाराविना जगलेल्या मुलांचे प्रमाण त्यामुळे वाढले नाही.